जुन्या मापाचा घास

निळा नदीच्या काठी शालिवट नावाचे नगर होते. तेथे पद्मकेतू राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका वैद्यकुळात जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. ही गोष्ट सुरू होते तेव्हा तो म्हातारा झालेला होता. त्याच्या तरुणपणीच्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांत तो पूर आलेल्या नदीतून पोहत जाऊन रोगी तपासतो. या गोष्टीत तो बहुतेक वेळ बसलेलाच आहे, कारण त्याचे गुडघे दुखत असत.

शालिवटात एक कडू पान मिळे. ते उन्हात वाळवायचे, चुरायचे, चुना घालून तळहातावर मळायचे आणि खालच्या ओठामागे धरून ठेवायचे. तेथले लोक त्याला कडूपत्ती म्हणत. आज आपण त्याला दुसऱ्या नावाने ओळखतो, पण ओळखतो सगळेच. पूर्वी ही पत्ती चोरून विकली जाई आणि तिच्यात माती, भुसा वाटेल ते मिसळलेले असे. पद्मकेतूच्या वडिलांनी ती विक्री आपल्या ताब्यात घेतली. घाटावर, बाजारात आणि हत्तीशाळेच्या दारात राजाची दुकाने उघडली आणि प्रत्येक पुडीवर राजमुद्रा उमटू लागली. हेतू वाईट नव्हता. लोकांनी घाण खाऊ नये, एवढेच त्या भल्या राजाच्या मनात होते. पण ज्याच्यावर राजाचा शिक्का आहे ते वाईट कसे असेल, असे लोकांना वाटले, आणि जे पूर्वी पत्तीला शिवतही नव्हते तेही दुकानापुढे उभे राहू लागले. खजिना भरू लागला. खजिना भरू लागल्यावर हेतूची आठवण कोण ठेवतो?

रोग मात्र सोमिलाच्या दारात येत होता. आधी तिखट लागले की तोंडाची आग होई. मग गालाची आतली कातडी पांढरी पडून चिवट होत जाई आणि तोंड उघडेनासे होई. काहींच्या गालात न भरणारी जखम होई, आणि ते गाल घेऊन माणूस फार दिवस काढत नसे. तपासण्याची सोमिलाची रीत साधी होती. तो रोग्याला आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगे. निरोगी माणसाची जातात. पत्तीवाल्यांची आधी दोन जात, मग एक, आणि मग माणूस पेजेवर येई. यावर औषध नव्हते. सोमिल तेल चोळायला देई, चार धीराचे शब्द बोले, आणि पत्ती सोड म्हणून सांगे. लोक मान हलवीत आणि घरी जाताना वाटेतल्या दुकानावर थांबत.

दरवर्षी राजसभेत कोषाध्यक्ष रेवतक नव्या दुकानांची गोष्ट काढी आणि दरवर्षी सोमिल उठून विरोध करी. त्याचे बोलणे सभासदांना इतके पाठ झाले होते की तो गुडघ्यांवर हात ठेवून उठू लागला की मागच्या रांगेत जांभया सुरू होत. एकदा मध्येच त्याला एक शब्द आठवेना, तर तो एका तरुण सभासदाने हसत हसत पुरवला. राजा त्याला आदराने ऐकून घेई. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे पथ्याविषयीचे बोलणे आपण जसे ऐकतो, तसेच. मग म्हणे, आचार्यांचे म्हणणे लक्षात ठेवू. आणि दुकाने वाढत. सोमिलाला लोकांचा राग येत नसे. त्याला आपल्याच आवाजाचा कंटाळा आला होता.

त्या वर्षी रेवतकाने जी योजना आणली ती पूर्वीच्या सगळ्या योजनांहून मोठी होती. राज्यातल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर राजाचे एक दुकान. वरच्या खोऱ्यातल्या गावांतसुद्धा, जिथे लोकांनी कडूपत्ती अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती. रेवतक काही दुष्ट माणूस नव्हता. तो नीटनेटका, कामसू आणि मनाने समजूतदार होता, आणि त्याचे म्हणणेही नीटनेटके होते. दुकाने नसली तर चोर विकतील. विकणाऱ्याला रोजगार मिळेल. पैसा रस्त्यांना, धर्मशाळांना लागेल. कोणाच्या तोंडात कोणी जबरीने काही कोंबत नाही. सभेने माना डोलावल्या. सोमिल उठला, नेहमीचे बोलला आणि बसला. नव्या भाताच्या सणाला, राजघास झाल्यावर लगेच ही आज्ञा पुकारायची, असे ठरले.

राजघास ही शालिवटाची जुनी चाल होती. नवा तांदूळ घरात आला की राजा नदीकाठच्या मांडवात येई. नगराच्या प्रत्येक आळीतून एकेक वडील माणूस रांगेत बसे, आणि राजा आपल्या हाताने प्रत्येकाच्या तोंडात नव्या भाताचा एकेक घास घाली. तो घास ज्याने घेतला त्याची सगळी आळी त्या वर्षापुरती राजाच्या आसऱ्याखाली आली असे मानत. घास नाकारणे म्हणजे राजाला नाकारणे. आणि राजाच्या हातचा भात जमिनीवर सांडला तर सांडणाऱ्याला त्याच दिवशी नगराबाहेर काढीत, कारण तो अपशकुन समजला जाई. वर्षाच्या नव्या आज्ञाही त्याच मांडवात, घास झाल्यावर पुकारल्या जात. आधी राजाने खाऊ घालायचे, मग हुकूम सोडायचे, अशी ती समजूत होती.

सभा झाली त्याच दिवशी संध्याकाळी रेवतक आरोग्यशाळेत आला. पडवीत रोगी दाटीवाटीने पडले होते, आणि कौलांतून ऊन त्यांच्या अंगावर येत होते. रेवतकाने ते पाहिले आणि त्याला खरेच वाईट वाटले. तो सोमिलाजवळ बसला आणि म्हणाला, की नव्या दुकानांच्या पहिल्याच वर्षाच्या उत्पन्नातून इथे नवी इमारत बांधू. पक्क्या भिंती, स्त्रियांसाठी वेगळे दालन, औषधांना कोठार. वैद्यराजांनी विरोध सोडला पाहिजे असेही नाही. मांडवात फक्त गप्प बसावे.

सोमिलाने पडवीकडे पाहिले. ती इमारत त्याला हवी होती. किती वर्षे तो ती मागत होता. त्याला वाटले, हो म्हणावे आणि आडवे व्हावे. नाही म्हणून तरी काय होणार होते? दुकाने उघडायची ती उघडणारच होती, मग निदान रोग्यांच्या डोक्यावर धड छप्पर तरी येईल. बोधिसत्त्वाच्याही मनात असे विचार येतात. तो थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाला सोपी वाट चटकन दिसते. त्याने रेवतकाला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. उद्या सांगतो, एवढेच म्हणाला.

रेवतक गेला आणि थोड्या वेळाने राजाच्या पाकशाळेची प्रमुख कुमुदा आली. ही पोक्त, घाईच्या चालीची बाई दरवर्षी सणाच्या आधी येई, आणि तिचे यायचे कारण त्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. पुष्कळ वर्षांपूर्वी राजघासाच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचे तोंड नीट उघडत नाही हे सोमिलाच्या ध्यानात आले होते. भर मांडवात त्याची शोभा होऊ नये, त्याला नगराबाहेर काढू नये, म्हणून सोमिलाने कुमुदेला घास थोडा लहान करायला सांगितला. पुढच्या वर्षी आणखी दोघे तसे निघाले. घास आणखी लहान झाला. जुन्या राजाच्या वेळी घास मोठ्या लिंबाएवढा असे. तो आवळ्यावर आला, मग सुपारीवर. राजाच्या हाताला त्याची सवय होत गेली. वर्षातून एकदा घेतलेल्या घासाचे माप कोण लक्षात ठेवतो?

कुमुदा उंबऱ्याशीच टेकली आणि म्हणाली, "वैद्यराज, यंदा बोराएवढा करू का? गेल्या साली तिघांना सुपारीएवढाही गेला नाही. त्यांनी गालाशी धरून ठेवला आणि मांडवामागं जाऊन हातावर काढला. मी पाहिलं."

सोमिल काही बोलला नाही. कुमुदेला वाटले त्याला ऐकू गेले नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितले.

"गेलं ऐकू," सोमिल म्हणाला. "कुमुदे, राजाच्या हातात तो घास किती वर्षं येतोय?"

"गादीवर बसल्यापासून."

"आणि त्याला काही दिसलं नाही."

"दिसणार कसं? आपणच दिसू दिलं नाही." कुमुदा हे सहज बोलून गेली. आपण काय बोललो ते तिच्या मागाहून ध्यानात आले असावे, कारण तिने पदर सारखा केला आणि खाली पाहिले.

सोमिलाला स्वतःची लाज वाटली, आणि ती चांगलीच वाटली. सभेत तो दरवर्षी बोलत होता की लोकांची तोंडे मिटत चालली आहेत, आणि सभा संपली की पाकशाळेला निरोप धाडत होता की ती मिटलेली तोंडे राजाला दिसणार नाहीत असे करा. करुणेने केले होते, यात खोटे काही नव्हते. पण रेवतकाच्या योजनेला त्या लहान घासाने जेवढी मदत केली होती तेवढी कोणत्याही सभासदाने केली नसेल. राजाला वाटत होते, आपले लोक धडधाकट आहेत, आचार्य जरा जास्तच काळजी करतात.

"जुन्या महाराजांच्या वेळची घासाची वाटी आहे का अजून?" त्याने विचारले.

कुमुदा म्हणाली, आहे, काशाची आहे, हल्ली मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून वापरते.

"ती घासून काढ. यंदा घास तिच्या मापाचे कर."

कुमुदेचा चेहरा उतरला. तिने पुष्कळ सांगितले. माणसांची अब्रू जाईल. भात सांडला तर म्हाताऱ्या माणसांना नगराबाहेर काढतील. सणाच्या दिवशी असले काही आपल्या हातून नको. सोमिलाने सगळे ऐकून घेतले. शेवटी तो म्हणाला की शिक्षा झालीच तर ती आपण मागून घेऊ, आणि रांगेत जे बसणार आहेत त्यांना आधी जाऊन सांगू. न सांगता कोणाला मांडवात बसवणार नाही. कुमुदा डोळे पुसत गेली. जाताना म्हणाली, वाटी घासून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सोमिलाने रेवतकाला नाही म्हणून निरोप पाठवला आणि काठी घेऊन तो आळीआळीने फिरला. उन्हाचे चालणे त्याला झेपत नव्हते. रांगेतल्या प्रत्येकाला त्याने सांगितले की घास या वर्षी मोठा आहे, ज्याला जमणार नाही त्याने ताप आला म्हणून कळवावे, मी साक्ष देईन. काहींनी तसे कळवायचे ठरवले. एकाने त्याला शिव्या दिल्या. बाकीचे गप्प राहिले, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ सोमिलाला लागला नाही.

हत्तीशाळेच्या आळीत तो सर्वांत शेवटी गेला, कारण तिथे जायला त्याचे पाय उचलत नव्हते. त्या वर्षी तिथून पिंगळ नावाचा म्हातारा माहूत बसणार होता. पिंगळ आणि सोमिल एका वयाचे, लहानपणी नदीत एकत्र डुंबलेले. पण गोष्ट तेवढीच नव्हती. राजा तान्हा असताना त्याच्या उष्टावणाला घास भरवायला मामा हवा होता, आणि राणीला भाऊ नव्हता. तेव्हा राणीने पिंगळाला भाऊ मानून त्याच्याकडून पहिला घास भरवून घेतला. राजा आजही त्याला मामा म्हणे. पिंगळाच्या तोंडात आता एक बोट जेमतेम जात होते. हत्तीशाळेच्या दारातच राजाचे दुकान होते, आणि हत्तीजवळ उभे राहण्यात दिवस लांबत जाई, म्हणून तोंडात सतत पत्ती असे. मामाचे तोंड मिटत चालले आहे हे राजाला ठाऊक नव्हते. राजापुढे जाताना पिंगळ ओठ मिटून हसे, आणि राजाला वाटे मामा म्हातारपणी अबोल झाला.

पिंगळ हत्तिणीच्या पायाशी बसून गवताच्या पेंढ्या सोडत होता. सोमिलाने त्याला सगळे सांगितले. आपण आजवर काय करत आलो, तेही सांगितले. दात फार न उघडता बोलायची पिंगळाला सवय झाली होती. त्याचे बोलणे समजायला कान द्यावा लागे.

"म्हणजे माझी शोभा करायची," तो म्हणाला.

"तू ताप आला म्हणून सांग. मी आहे साक्षीला."

"मग माझ्या जागी बसेल कोण? ज्याचं तोंड उघडतं तो. आणि पोराला काय दिसेल?" राजाला तो अजून पोरच म्हणत असे.

पिंगळाने आणखी एक पेंढी सोडली आणि हत्तिणीपुढे टाकली. मग म्हणाला, "मला भीती वाटते रे सोमिला. नगराबाहेर काढतील त्याची नाही. तो माझ्याकडं बघेल, त्याची."

"नको बसू मग."

"बसतो," पिंगळ म्हणाला. एवढेच बोलून तो उठला आणि हत्तिणीला पाणी दाखवायला घेऊन गेला.

सणाच्या सकाळी मांडव माणसांनी भरून गेला. एका बाजूला दवंडीवाला नव्या दुकानांची आज्ञा पुकारायला तयार उभा होता. रेवतक प्रसन्न होता. सोमिल वैद्यांच्या ओटीवर बसला होता. कुमुदेने केळीच्या पानांवर घास मांडून आणले. पांढरेशुभ्र, तुपाने ओले, आणि पाहताच मोठे दिसणारे. मंत्र म्हणून झाले. राजाने पहिला घास उचलला तेव्हा त्याचा हात क्षणभर थांबला. त्याने घासाकडे पाहिले, कुमुदेकडे पाहिले, आणि काही न विचारता पुढे झाला.

रांगेत पहिला मान हत्तीशाळेचा असे. राजा हसत पिंगळासमोर वाकला. "मामा," तो म्हणाला, "आ करा."

पिंगळाने आ केला. त्याचे ओठ फाकले, पण दात जागचे हलले नाहीत. त्याने मान मागे टाकली, हनुवटीला हात लावून ती खाली ओढली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. राजाला वाटले म्हातारा थट्टा करतो आहे. त्याने घास ओठांना लावला आणि हलकेच दाबला. घास फुटला. भात पिंगळाच्या दाढीवरून, छातीवरून घरंगळला आणि जमिनीवर सांडला.

मांडवात कुजबुज सुरू झाली. रेवतक पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला की महाराजांना हे कितीही जड गेले तरी चालीप्रमाणे सांडणाऱ्याला आजच बाहेर काढावे लागेल, नाहीतर लोक काय म्हणतील. तो हे समाधानाने म्हणत नव्हता. चाल होती म्हणून म्हणत होता.

सोमिल काठी टेकत उठला. मांडवाच्या मधोमध यायला त्याला वेळ लागला, आणि कोणी त्याला आधार दिला नाही. "महाराज, बाहेर काढायचं असेल तर मला काढा," तो म्हणाला. "भात यांनी सांडला नाही. यांचं तोंड उघडत नाही. या रांगेत अजून किती जणांचं उघडत नाही, ते पुढचा घास द्याल तेव्हा कळेल."

राजाने त्याच्याकडे पाहिले आणि दुसरा घास उचलला. कुंभारआळीच्या म्हाताऱ्याने तो अर्धा घेतला, अर्धा सांडला. तिसऱ्याने घेतला. चौथी घाटावरची धोबीण होती. तिने आ करून पाहिला आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली. ज्यांनी ताप आला म्हणून कळवायचे ठरवले होते तेही येऊन बसले होते, हे सोमिलाला तेव्हा कळले. राजा रांगेच्या शेवटापर्यंत गेला. परत आला तेव्हा त्याच्या बोटांना भात चिकटलेला होता आणि मांडवाच्या जमिनीवर पांढरा सडा पडला होता.

"हे केव्हापासून?" राजाने विचारले.

"फार वर्षं झाली."

"मग गेल्या वर्षी मी घास दिला तो यांनी कसा घेतला?"

कुमुदा पुढे येऊ लागली. सोमिलाने तिला हाताने थांबवले. "गेल्या वर्षी घास सुपारीएवढा होता, महाराज. मी लहान करायला सांगितला. दरवर्षी सांगत आलो. यांची लाज राहावी म्हणून."

राजा त्याच्याकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात राग होता, पण रागाहून दुःख जास्त होते. "आचार्य," तो म्हणाला, "सभेत तुम्ही मला दरवर्षी सांगत होतात, आणि माझ्या हाताला मात्र दरवर्षी फसवत होतात. मी तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा, की माझ्या हातावर?"

"चूक माझी आहे," सोमिल म्हणाला.

मग राजा पिंगळासमोर जमिनीवर बसला. राजाने जमिनीवर बसावे अशी चाल नव्हती. त्याने एका घासातली चार शिते घेतली, तळहातावर पूजेतल्या दुधाचे थेंब घालून बोटाने मऊ कुस्करली, आणि पिंगळाच्या दातांच्या फटीतून, बाळाला भरवतात तशी, आत घातली. पिंगळाने ती गिळली. राजाने पुन्हा चार शिते कुस्करली. मांडवातली माणसे, दवंडीवाला, रेवतक, सगळे उभे होते आणि राजा म्हाताऱ्याला भरवत होता. तो एक घास संपायला फार वेळ लागला. संपल्यावर राजा म्हणाला, "मामानं माझा घास घेतला. सांडला असं कोणी म्हणू नये." आणि रांगेतल्या प्रत्येकाला त्याने तसेच भरवले. दुपार कलली तरी मांडव उठला नाही.

शेवटी दवंडीवाल्याने विचारले की आज्ञा पुकारायची का. रेवतकाने राजाला हळूच आठवण दिली: रस्ते आहेत, धर्मशाळा आहेत, आरोग्यशाळेची नवी इमारतही याच पैशातून होणार आहे, आणि ती वैद्यराजांनाच हवी आहे.

"हवी होती," सोमिल म्हणाला. "महाराज, या दुकानांच्या पैशातून मी पुन्हा कधी काही मागितलं तर देऊ नका. ज्यांना सवय लागली आहे त्यांची मी काळजी घेईन, मरेपर्यंत घेईन. ती एका दिवसात सुटणारी नाही, हेही मला ठाऊक आहे. पण वरच्या खोऱ्यात अजून माणसं आ करून हसतात. तिथं आपली मुद्रा नेऊ नका." एवढे बोलून तो खाली बसला, कारण त्याला उभे राहवत नव्हते.

राजाने आज्ञा पुकारू दिली नाही. नवे दुकान राज्यात कोठेही उघडायचे नाही, आणि जुन्या दुकानातला विक्रेता म्हातारा होऊन गेला की ते दुकान बंद करायचे, त्या जागी दुसरा बसवायचा नाही, असे त्याने त्याच मांडवात सांगितले. हत्तीशाळेच्या दारातले दुकान मात्र त्याने त्याच दिवशी काढायला लावले. सोमिलालाही त्याने शिक्षा दिली. यापुढे दर सणाला राजघासाच्या वेळी आचार्यांनी राजाशेजारी उभे राहावे आणि कोणाच्या तोंडात किती बोटे जातात ते मोठ्याने सांगावे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती शिक्षा हलकी नव्हती. सोमिलाने ती अखेरपर्यंत भोगली.

यानंतर सगळे आबादीआबाद झाले असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. जुनी दुकाने कितीतरी वर्षे चालू राहिली. चोरून विकणारेही निघाले, रेवतक म्हणाला होता तसेच. आरोग्यशाळेची पडवी गळत राहिली, आणि पावसाळ्यात सोमिल रोग्यांच्या खाटा स्वतः ओढून कोरड्या कोपऱ्यात नेई. पण वरच्या खोऱ्यातून जी माणसे पुढे राजघासाला येत ती जुन्या मापाचा घास एका दमात घेत, आणि तेव्हा सोमिल मोठ्याने म्हणे, "तीन बोटं." पिंगळ पुढचा नवा तांदूळ पाहायला राहिला नाही. जखम गालातून घशात उतरली होती. राजा रोज येऊन त्याला पेज पाजत असे, आणि शेवटी शेवटी पेजही उतरेनाशी झाली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनाच्या विहारात सांगितली ती सुयाम नावाच्या भिक्खूला. सुयाम रोग्यांची सेवा करीत असे. त्या दिवशी तो शास्त्यांपाशी येऊन म्हणाला होता की भंते, मी थकलो. लोकांना तेच तेच सांगतो, ते तेच तेच करतात, आणि आता तर त्यांचे मन राखायला मी काही सांगतही नाही. शास्त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतले आणि ही मागच्या जन्मीची हकिगत सांगितली.

सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तेव्हाचा राजा पद्मकेतू म्हणजे आजचा भिक्खू आनंद. कुमुदा म्हणजे भिक्खुणी उत्पलवर्णा. रेवतक कोषाध्यक्ष म्हणजे आपल्या रोग्यांना जो गृहस्थ हल्ली न मागता औषधं आणून देतो, तोच. सोमिल वैद्य मी होतो. आणि पिंगळ माहूत, सुयामा, तू होतास."

सुयाम म्हणाला, "भंते, त्या शेवटच्या वर्षी मला फार भूक लागत असेल."

"लागत होती," शास्ते म्हणाले. "तरी तू मांडवात येऊन बसलास. मला करुणा पुष्कळ होती, आणि त्या करुणेनं मी घास लहान करत गेलो. सत्य मी तुझ्याकडून शिकलो." त्या जन्मी बोधिसत्त्वाची जी पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला जो गुण, पुरी झाली, ती सत्याची.